वाघनखं साताऱ्यात येतात तेव्हा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तीही तीन वर्षांच्या करारानं. मालकी तिकडचीच. असा करार संग्रहालय आणि शासन यांच्यात होतो; वकिलात किंवा उच्चायुक्तालय मधला दुवा. योग्य टेबल गाठून देणं, पत्रांचा पाठपुरावा, सोबतच्या तज्ज्ञाचा व्हिसा. कस्टमच्या कागदांवर ‘परत जाणार’ हे स्पष्ट नसेल तर पेटी विमानतळावरच अडकते.

खरी कसोटी पुढे. पेटी आली की लगेच उघडायची नाही, साधारण २४ तास दालनातच ठेवायची. साताऱ्याच्या पावसाळ्यात गार पोलाद एकदम बाहेर काढलं की त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं, मग गंज. म्हणून शोकेसमध्ये ओल शोषणारं सिलिका जेल, आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत. निघतानाच्या फोटोंशी एकेक ओरखडा ताडून मगच सह्या.

फलकाचा मजकूर सगळ्यात नाजूक. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, ग्रँट डफ याच्याकडून आलेली ही नखं अफजलखानाच्या वेळचीच, याची खात्री देता येत नाही असं लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. गर्दीला आवडो न आवडो, तेही फलकावर हवंच.