तुम्ही विचारलंत म्हणून: तुम्हाला गायक सापडतात कुठे?

आमचं रेकॉर्ड लेबल म्हणजे पुण्यातल्या दोन खोल्या. त्यातल्या एकीच्या भिंतींना गाद्या लावून ती शांत केलेली. माणसं तिघं. तरीही सतत कुणीतरी विचारतं, "तुम्हाला कलाकार सापडतात कसे? आणि तुमच्याशी करार करायचा म्हणजे काय करायचं?" तुम्हीही विचारलंत, तर एकदा नीट सांगते.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या लिंकांमधून क्वचितच कुणी मिळतं. मी ऐकते सगळ्या, पण मिक्सिंग इतकं चकचकीत असतं की गाणारा त्याखाली कुठे आहे ते कळत नाही. माझा भरवसा ढोलकीवाल्यांवर. आंबेडकर जयंतीच्या हंगामात एकच ढोलकीवाला कितीतरी गायन पार्ट्यांबरोबर वाजवतो. कोण सुरात आहे, कोण वेळेवर येतं, कुणाच्या वहीत स्वतःची गाणी आहेत, सगळं त्याला ठाऊक असतं. साउंडवाले तर त्याहून वस्ताद. कॉलेजांच्या फिरोदिया करंडक स्पर्धेलाही जाते. तिथे बक्षीस कुणी नेलं याच्याशी मला देणंघेणं नसतं. माझे कान कोपऱ्यात बसून संगीताची बाजू सांभाळणाऱ्या मुलांकडे असतात.

एकदा ऐकून मी कधीच हो म्हणत नाही. समोर गर्दी खूश असली की सगळेच बरे गातात. पाऊस येऊन माणसं पांगलेली असताना, दोन-चार रांगांसाठी तीच व्यक्ती कशी गाते, ते बघायचं असतं.

मग विचारायचं, "हे गाणं कुणाचं?" आमचा निम्मा वेळ या एका प्रश्नात जातो. तुकोबांच्या अभंगावर कुणाचा कॉपीराइट नाही. पण चाल? "पारंपरिक आहे" हे ठरलेलं उत्तर. खोदून विचारलं की कळतं, चाल वडिलांनी बसवली, नाहीतर शेजारच्या गावातल्या भजनी मंडळाच्या बुवांनी. मग त्या बुवांना गाठायचं. त्यांचं नाव आणि वाटा कागदावर आल्याखेरीज आम्ही रेकॉर्डिंग लावत नाही. बुवा बहुतेक वेळा हसतात, म्हणतात, "अहो, देवाची चाल, तिचे कसले पैसे?" तरी सही घेतो.

भीमगीतांचं आणखी अवघड. वामनदादा कर्डकांची गाणी इतकी ओठांवर बसली आहेत की ती सगळ्यांचीच वाटतात. भावनेनं ती आहेतच. पण वामनदादा गेले २००४ मध्ये, आणि शब्दांवरचा हक्क कवीच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. म्हणजे २०६४ सरेपर्यंत लेखी परवानगी लागणार.

कॅसेटच्या काळात कितीतरी गायकांना एकरकमी पैसे देऊन सही घेतली जायची. पुढे कॅसेट कितीही खपो. घरोघरी ती आठवण आहे. म्हणून करार हा शब्द काढला की घरातलं वडीलधारं माणूस खुर्ची पुढे ओढून बसतं. बरोबरच आहे त्यांचं. आम्ही करार मराठीत करतो आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो. रेकॉर्डिंगचा खर्च आमचा. तो वसूल झाला की उरेल ते निम्मं-निम्मं. ही पद्धत आमची नाही, इंग्लंडमधल्या रफ ट्रेड, म्यूट, फॅक्टरी अशा लेबलांची. त्यातली फॅक्टरी १९९२ मध्ये बुडाली, हे आमचे सीए मला अधूनमधून ऐकवत असतात.

मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे हक्क, आमच्याकडे सात वर्षं, मग गायकाकडे परत. हक्क देताना मुदत लिहिलीच नाही तर कॉपीराइट कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून तर काही करारांत "कायमस्वरूपी" आणि "अखिल विश्वात" असं आवर्जून घातलेलं असतं. (मंगळावर कोण वाजवणार आहे कोण जाणे.) मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला देऊनच टाकता येत नाही, सही केली तरी. त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा अर्ज आम्ही बसून भरून घेतो.

स्ट्रीमिंगमधून एवढं थोडं येतं की खर्च निघायलाच वर्षं जातात. गायकाचं घर कार्यक्रमांवर चालतं, म्हणून बिदागीत आम्ही वाटा मागत नाही. आणि ज्याला लग्नाच्या डीजेवर वाजायचंय, त्याला मोठ्या कंपनीचा रस्ता दाखवतो. ते आम्हाला जमणारं नाही.

तर, पाठवायचंच असेल तर फोनवर केलेलं साधं रेकॉर्डिंग पाठवा, एकाच गाण्याचं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, तेवढं खाली लिहा. आणि पुढचा कार्यक्रम कुठे आहे, तेही. ऐकायला येईन.