सहा मिलिमीटरांची फियाट

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझ्या मामांच्या घरामागील पडवीत 1967 सालची एक फियाट 1100 उभी आहे. तिच्या पाटीवरचा क्रमांक ‘एम वाय’ या अक्षरांनी सुरू होतो, कारण ती घेतली तेव्हा राज्याचे नाव म्हैसूर होते. ‘के ए 22’ची सवय झालेल्या आमच्या मुलांना ती पाटी कुठल्या तरी परमुलखातली वाटते. गेल्या वर्षी मे महिन्यात मी मेजर टेप, ओळंबा, गुण्या आणि चिकटपट्टीची दोन रिळे घेऊन तिथे पोहोचलो, तेव्हा मामांनी पिशवीकडे पाहून आधीच बजावले, “गाडी विकायची नाही हं, सांगून ठेवतो.” मला गाडी नको होती, तिची मापे हवी होती, हे त्यांना पटेपर्यंत दुपारचे जेवण झाले.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ओतकामाच्या पॅटर्नची, म्हणजे साचा तयार करण्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांची, रेखाचित्रे संगणकावर काढतो. रात्री जेवणानंतर तोच संगणक, फक्त सॉफ्टवेअर वेगळे: 2002 साली सर्वांसाठी खुले झालेले आणि आजही फुकट मिळणारे ब्लेंडर. त्यात जुन्या मोटारींची डिजिटल मॉडेल्स घडवणे हा माझा सहा-सात वर्षांचा छंद आहे. दिवसाच्या कामात प्रत्येक वळणाला त्रिज्या असते आणि प्रत्येक भोकाला माप असते. मोटारीच्या अंगाला मात्र एका त्रिज्येत बसणारे वळण क्वचितच सापडते, आणि दोन्ही कामे संगणकावरचीच असूनही ती एकमेकांना फारशी शिकवत नाहीत.

फियाट मी यापूर्वी एकदा केली होती, ती मोडीत काढली. इंटरनेटवर मिळालेले चार बाजूंचे रेखाचित्र पडद्यावर मागे ठेवून त्यावरून दोन महिने काम केले. चौदा इंची चाके खऱ्या मापाने बसवायला गेलो, तर ती मागच्या कमानीत मावेनात. पुन्हा तपासले तेव्हा कळले की बाजूचे चित्र एका सालच्या गाडीचे आणि पुढचे दुसऱ्याच सालच्या गाडीचे होते, शिवाय त्यातले एक बहुधा छायाचित्रावरून गिरवलेले होते. जवळून काढलेल्या छायाचित्रात जवळचा दिवा मोठा आणि लांबचा दरवाजा लहान दिसतो. ते गिरवले की ती चूक पत्र्यातच उतरते. फियाटच्या बाबतीत असा घोळ सहज होतो, कारण 1953 साली इटलीत आलेल्या या गाडीचे रूप अनेकदा बदलले आहे. आपल्याकडे जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले होते, तर 1964 पासून कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये तयार झालेल्या 1100 डी मध्ये ते नेहमीसारखे उघडतात. हीच डी पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत पोहोचली.

म्हणून या वेळी मोजमाप गाडीवरूनच घ्यायचे ठरवले. ही कल्पना काही माझी नव्हे. 1972 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात संगणकचित्रांचे प्राध्यापक आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी सदरलँड यांच्या पत्नीची फोक्सवॅगन बीटल संगणकात उतरवण्यासाठी तिच्यावर बिंदू आणि रेषा आखून एकेक बिंदू हाताने मोजला होता. पन्नास वर्षांनंतर मी पडवीच्या शहाबादी फरशीवर जवळपास तेच करीत होतो. टायरांतली हवा केव्हाच गेलेली असल्यामुळे गाडी जॅकवर घेऊन विटांवर समतल केली, फरशीवर खडूने मधली रेषा मारली, चिकटपट्टीवर दर दहा सेंटिमीटरला खूण केली आणि ओळंबा सोडून प्रत्येक खुणेची उंची व मधल्या रेषेपासूनचे अंतर वहीत लिहिले. बॉनेटची कमान ओळंब्याने नीट मिळत नव्हती. तिच्यासाठी मी पुठ्ठा कापत-कापत पत्र्यावर बसवला आणि तो पुठ्ठाच घरी घेऊन आलो. आमच्या मामेबहिणीने या सगळ्याला गाडीचे कपडे शिवणे असे नाव दिले, आणि खरे तर ते चुकीचे नाही.

आकडे कागदावर आले आणि घोटाळा दिसला. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर या गाडीचे 2340 मिलिमीटर असायला हवे. उजव्या बाजूला तेवढेच भरले. डाव्या बाजूला 2334. मी चाके सरळ करून तीनदा मोजले. शेवटी मामांना विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की गोव्याहून परतताना अनमोड घाटात डावे पुढचे चाक मोरीच्या कठड्यावर आदळले होते, आणि बेळगावातल्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग होऊन गाडी पंधरा दिवसांनी घरी आली होती. डाव्या मडगार्डवर बोटाने टकटक केले की आवाज बोदा येतो; आत पुट्टी भरलेली आहे.

हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. डिजिटल मॉडेल करणारे बहुतेक जण अर्धीच गाडी घडवतात आणि आरशासारखी तिची दुसरी बाजू सॉफ्टवेअरकडून करून घेतात. त्यात काम निम्मे होते, पण उरलेली अर्धी गाडी मुळात कोणी पाहिलेलीच नसते. मी उजवी बाजू प्रमाण मानून आधी कारखान्यातून निघालेली गाडी उभी करायचे ठरवले.

पृष्ठभाग हा या कामाचा प्राण आहे. चार कोनी तुकड्यांची विरळ जाळी टाकायची आणि संगणकाने तिचे बारीक भाग करून ती गुळगुळीत करायची, ही रीत एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क या संगणकचित्रांच्या संशोधकांनी 1978 साली मांडली. आज अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. नवखा माणूस जाळी दाट करून आकार पकडायला जातो आणि पत्रा लाटांचा होतो. म्हणून आधी दरवाजे, बॉनेट, डिकी यांची एकही फट न पाडता संपूर्ण अंग एकसंध घडवायचे, ते मनासारखे झाले की त्याची प्रत घेऊन त्यात फटी कापायच्या, आणि कापलेले तुकडे पुन्हा मूळ अंगाला चिकटवून ठेवायचे, म्हणजे कडेला पत्रा उचललेला दिसत नाही. माझ्या गाडीत फट 5 मिलिमीटरची आहे आणि तिची कड आत वळवलेली आहे. नुसती काळी रेघ ओढली तर पत्र्याला जाडी येत नाही. आमच्या कारखान्यातले जुने पॅटर्न मिस्त्री लाकडावर डोळे मिटून तळवा फिरवतात आणि रंध्याने राहिलेला उंचवटा सांगतात. पडद्यावर तळवा चालत नाही, त्यामुळे मी मॉडेलवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रतिबिंब पाडतो. पट्टी सरळ वाहत गेली तर पत्रा चांगला. मध्येच मोडली किंवा फुगली, की तिथे जाळीतला एखादा बिंदू चुकीचा आहे. मागच्या दिव्यांवरच्या त्या छोट्या पंखासारख्या कडेपाशी माझी पट्टी तीन आठवडे मोडत होती, आणि दोष कडेत नसून तिच्या हातभर पुढे, मागच्या दरवाजावरच्या एका बिंदूत निघाला.

दिव्यांच्या काचा, क्रोमची पट्टी, वायपर ही कामे त्यामानाने हलकी. त्यांचे कौतुक मात्र लोक सर्वांत जास्त करतात.

गणपतीत मामा बेळगावला आले तेव्हा त्यांना रेंडर, म्हणजे मॉडेलवरून संगणकाने तयार केलेले चित्र, दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि विचारले की गिअरचा दांडा का दिसत नाही. स्टिअरिंगखालचा तो दांडा, पुढची अखंड सीट, डॅशबोर्ड, यांतले अजून काहीच झालेले नाही, आणि खानापूरच्या पावसात पडवीत पाय ठेवण्याची सोय नसल्यामुळे दसऱ्याआधी मापे घेता येणार नाहीत. डाव्या बाजूची वेगळी फाइल मात्र मी त्याच रात्री सुरू केली. तिच्यात आरसा बंद आहे, पुढचे चाक सहा मिलिमीटर मागे आहे, आणि मडगार्डवर पट्टी जिथे मोडते तिथे ती मोडलेलीच ठेवली आहे.