अर्धी गोळी

आमच्या फ्रिजवर दूधवाल्याचं कॅलेंडर आहे, पण त्यात दुधाच्या खाड्यांऐवजी गेलं वर्षभर लेकीच्या गोळ्या लिहिल्यात. सोमवार अर्धी, मंगळवार अर्धी, असं रविवारपर्यंत अर्धी अर्धी. परवा जाऊबाई आल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि हळूच विचारलं, अगं एवढा मोठा आजार आणि अर्धी गोळी? तेव्हा चहा उतू जात होता म्हणून उत्तर राहिलं, ते इथे लिहितेय.

लेकीला सहाव्या वर्षी एएलएल झाला, म्हणजे ब्लड कॅन्सरचा तो प्रकार जो लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो. पहिले आठ-नऊ महिने कसे गेले ते लिहवत नाही, सोडून देते. मग मेंटेनन्स सुरू झालं, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून चालू ठेवायची औषधं. वॉर्डातल्या सगळ्या आया ह्याच दिवसाची वाट बघत असतात कारण आता पोर घरी असतं, रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, मधेमधे सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, असं साधारण दोन वर्षं चालतं. तिचा मर्कॅप्टोप्युरिनचा डोस होता रोज ५० मिलिग्रॅमची एक पूर्ण गोळी. आम्ही पेढे आणायचेच बाकी होते.

चौथ्या आठवड्यात काउंट पडले, म्हणजे रक्तातल्या पेशी कमी झाल्या. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त २००. रात्री दोनला १०१ ताप, रिक्षा, ऍडमिट, सलाइनमधून अँटिबायोटिक, नऊ दिवस. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, बाहेरचं काही खाल्लं असेल, मी हात नीट धुतले नसतील, कालच्या उरलेल्या वरणाचा पण संशय घेऊन झाला. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आपण एक जेनेटिक टेस्ट पाठवू, टीपीएमटी आणि एनयूडीटी१५, ही गोळी शरीरात निकामी करणारी दोन जनुकं. मी म्हटलं, मग ही आधी का नाही पाठवली? तर म्हणे आपण सगळ्यांची पाठवत नाही, काउंट पडले की पाठवतो. हा माझा राग अजून गेलेला नाही हे खरं.

रिपोर्ट बारा दिवसांनी आला. टीपीएमटी नॉर्मल, एनयूडीटी१५ च्या दोन प्रतींपैकी (एक आईकडून येते, एक बाबांकडून) एक बिघडलेली. मला जे समजलं ते असं की ही गोळी पोटात गेली तशी काम करत नाही, शरीर तिचं रूपांतर करतं आणि तो तयार झालेला पदार्थ पेशीच्या डीएनएत घुसून पेशी मारतो, कॅन्सरची पण आणि चांगली पण. त्यातला जास्तीचा माल निकामी करायचं काम एनयूडीटी१५ करतं. म्हणजे मोरीसारखं बघा, नळ सगळ्यांचा तेवढाच सोडलाय पण आमच्या मोरीची जाळी अर्धी तुंबलेली, म्हणून घरात पाणी. आता जाळी काही बदलता येत नाही, तर नळ बारीक करायचा. म्हणून अर्धी गोळी, आणि तिच्या शरीरात त्या अर्धीचं काम इतर मुलांच्या जवळजवळ अख्खीइतकंच होतं. हे पटायला मला महिना लागला कारण डोस कमी केला की पहिलं मनात काय येतं ते कॅन्सरवाल्या घरात सांगायला नको. डॉक्टरांना काउंट फार वर गेलेले पण नको असतात, मग औषध लागत नाहीये असं धरतात.

औषध काही नवीन नाही हो. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज ह्यांनी शोधलेलं, १९५३ पासून वापरात, दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं त्यात ह्या कामाचा वाटा होता. टीपीएमटीचं पण डॉक्टरांना १९८० पासून ठाऊक, गोऱ्या लोकांत दहातल्या एकाची एक प्रत मंद असते. पण एनयूडीटी१५ सापडलं थेट २०१४ मध्ये, तेही कोरियात, क्रोन्स ह्या आतड्याच्या आजाराच्या पेशंटांमध्ये, ज्यांचे टीपीएमटी नॉर्मल असूनही ह्याच जातीच्या औषधाने काउंट कोसळत होते. आणि आपल्याकडे भारतात हाच बिघाड टीपीएमटीपेक्षा जास्त दिसतो. म्हणजे नुसती टीपीएमटी बघून ऑल वेल म्हटलं असतं तर आम्ही परत पूर्ण गोळीवर, परत रिक्षात.

सासूबाई म्हणाल्या आमच्या घराण्यात असलं काही नाही. आणि बरोबर होत्या बहुतेक! कारण मला एकदम माझा भाऊ आठवला, लेकीचा मामा. त्याला चार वर्षांपूर्वी कोलायटिससाठी, म्हणजे आतड्याच्या सुजेसाठी, ऍझाथायोप्रिन दिलं होतं, तीन आठवड्यांत डोक्यावरचे सगळे केस उशीवर, पांढऱ्या पेशी खलास, तेव्हा ते औषध बंद केलं आणि औषध सोसत नाही एवढंच लिहून फाइल मिटली. ऍझाथायोप्रिन शरीरात गेलं की मर्कॅप्टोप्युरिनच होतं हे मला आत्ता कळलं. त्याला टेस्ट करायला लावली, दोन्ही प्रती बिघडलेल्या. माझी केली नाही, डॉक्टर म्हणाले त्याने लेकीच्या डोसमध्ये काही फरक पडत नाही.

हे ऐकून आमच्या बिल्डिंगमधल्या एकीनं मुलाच्या एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या त्रासासाठी, गालातून कापूस फिरवायचं किट मागवायचं ठरवलं, कुठलं औषध लागू पडेल ते सांगतात म्हणे. मी तिला थांबवलं. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २०१८ मध्येच अशा दाव्यांबद्दल सावध केलंय. सगळ्या टेस्टना एका माळेत ओवू नका. आमच्या टेस्टने औषध निवडलं नाही, औषध तेच, फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगितलं. दुसरं एक पक्कं उदाहरण कोडीन ह्या दुखण्यावरच्या औषधाचं, काही मुलांचं शरीर त्याचं मॉर्फिन इतक्या झपाट्याने करतं की टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलं दगावली होती, पण तिथे एफडीएने टेस्ट करत बसण्यापेक्षा २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्यांना कोडीन नकोच असं करून टाकलं, आणि मला तेच जास्त शहाणपणाचं वाटतं.

सीबीसी काही चुकलेली नाही, टेस्ट असो नसो बोट टोचायचंच. मामानं त्याचा रिपोर्ट लॅमिनेट करून पाकिटात ठेवलाय, एटीएम कार्डाच्या मागे. लेकीच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी तेच लाल पेनाने लिहिलंय. मागच्या वेळी एएनसी ११०० आला, डोस तोच ठेवलाय. गोळी कटरने मीच कापते, ग्लोव्हज घालून, आणि ती लांब उभी राहून सांगते, आई, तो तुकडा मोठा आहे, तो आजचा.