राई, खसखस आणि इंदूरचा मे महिना

घरात राई आणि खसखस नावाच्या दोन उंदरिणी आहेत म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न, चावतात का? नाही चावत. शेपटीला धरून उचललंत तर चावतीलही, आणि बरोबरच करतील. छातीखाली एक हात, पायांखाली दुसरा, अंगाजवळ धरायचं. झालं.

मला धास्ती असते ती त्यांच्या श्वासाची. पाळीव उंदरांच्या फुप्फुसांत मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू बहुधा आधीपासूनच मुक्कामाला असतो. एरवी गप्प. पिंजऱ्यात मूत साचलं, अमोनिया वाढला, की डोकं वर काढतो. म्हणून काचेची पेटी नको, चहूबाजूंनी हवा खेळणारा जाळीचा पिंजरा हवा. तळ मात्र सपाट ठेवा, जाळीवर चालून तळव्यांना फोड येतात. सुताराकडचा भुसा कितीही फुकट मिळाला तरी आणू नका. त्याची धूळ नाकात जाते, आणि पाइन-देवदाराच्या ज्या वासाला आपण छान म्हणतो तोच त्यांना बाधतो. मी कोरे कागद फाडून घालते, ओला कोपरा रोज काढते. (तो कागद ओल्या कचऱ्यात की सुक्या, यावर कचरागाडीवाल्या दादांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. इंदूर आहे हे!)

नाकाशी किंवा डोळ्यांशी लाल डाग दिसला तर घाबरू नका, ते रक्त नसतं. पॉरफिरिन नावाचा स्राव असतो. पण तो वारंवार दिसला तर ताण किंवा आजार समजा. छातीत घरघर ऐकू आली तर त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ, उंदीर तपासणारे कोण ते आधीच विचारून ठेवा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली बरीच उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो. तिशीच्या वर गेलं की तो हैराण होऊ लागतो. कूलर खोलीत चालू द्या, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको आणि खिडकी उघडी हवी. बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली की दोघी तिला टेकून पसरतात. फरशीचा तुकडाही चालतो.

खाण्याला उंदरांचे तयार दाणे, वर थोडी भाजी, बिनमिठाचे पोहे. शेव नाही! आमच्या आत्या देतात लपवून, म्हणे इंदूरचे उंदीर शेवेशिवाय कसे राहतील. उंदराला उलटी होत नाही. नको ते पोटात गेलं की बाहेर काढायची सोय नाही, हे त्यांना पटवणं चालू आहे.

एकटा उंदीर पाळू नका, माणसाची सोबत त्याला पुरत नाही. जोडी घ्या, पण दोघी माद्या किंवा दोघे नर. पाच-सहा आठवड्यांत ते वयात येतात, मादी तीन आठवड्यांत वितेही, आणि एका वेळी दहा-बारा पिल्लं झाली तर शेजारीपाजारी कोणी न्यायला येत नाही.