सहीचे अधिकार

31 मे रोजी मी एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले. निरोप समारंभ छान झाला. पेन्शनचा प्रस्ताव सेवापुस्तकासह वेळेत गेला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते माझ्यानंतर खुर्चीत बसणाऱ्याच्या सहीबद्दल, कारण अजून तो विषय निघाला की डोकं तापतं.

बाहेरच्यांना वाटतं, एक मुख्याध्यापक गेले की दुसरे येतात. खुर्चीत कुणीही बसेल हो! पण पगारबिलावर सही करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. ती नसेल तर शालार्थवर, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, बिल तयार असूनही पुढे सरकत नाही. शिपायापासून पर्यवेक्षकांपर्यंत सगळ्यांचे पगार लटकतात. आपल्या एका सहीवर किती घरांचे हप्ते चालत होते, हे पदावर असताना कधी मोजलं नव्हतं.

खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे पद सेवाज्येष्ठतेने जातं. आमच्याकडच्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना ते नको होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, दहावीचा तास सोडून तुम्हाला सरकारच्या त्या यू-डायसवर शाळेची माहिती भरत बसलेलं रोज बघते. मला वर्गातच राहू द्या." यावर मी काय बोलणार? माझ्या कारकिर्दीचं इतकं नेमकं मूल्यमापन कुठल्याच तपासणीत झालं नव्हतं.

बाईंनी नकारपत्र दिलं, संस्थेने पुढच्या सरांच्या नावाचा ठराव केला, प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेला आणि तिथेच रुतला. पहिली त्रुटी: नकारपत्र टाइप केलेलं आहे, स्वहस्ताक्षरात हवं. ते नेऊन दिलं. मग दुसरी: सेवाज्येष्ठता यादीवर दोन शिक्षकांच्या सह्या नाहीत. त्या घेतल्या. मग म्हणे, बाईंना समक्ष आणा, नकार स्वेच्छेने दिलाय याची खात्री करायचीय. खात्री करावी, माझं काही म्हणणं नाही. ज्येष्ठांवर दबाव आणून नकार लिहून घेणाऱ्या संस्था आहेतच. पण तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? बाई तोवर सुट्टीत लेकीकडे गेलेल्या. त्या परत आल्या, तर साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. टेबलावरचे गृहस्थ लाल पेनाने आमच्या प्रस्तावावर गोल काढत बसलेले. मान वर न करता मला विचारतात, "पण आता तुम्ही कोण?"

प्रश्न बिनतोड होता. निवृत्त माणसाला त्या कार्यालयात खुर्चीही देत नाहीत.

इकडे अकरावीच्या प्रवेशाची धांदल. पालक दाखल्यासाठी माझ्या घरी यायला लागले. एक जण तर म्हणाले, "मॅडम, मागची तारीख टाकून तुम्हीच करा की सही." त्यांची घाई समजत होती, पण मी त्यांना चहा दिला, सही दिली नाही. सरांनीच 'प्रभारी' म्हणून दाखले द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे दारातली गर्दी हटली.

शेवटी आदेश निघाला. सरांच्या नमुना सह्या पगारबिलं मंजूर करणाऱ्या वेतन पथकात आणि बँकेत पोचल्या. सरांचा फोन आला, "मॅडम, बिल गेलं." मी फोन ठेवला आणि भर दुपारी गाढ झोपले.

तुमची निवृत्ती जवळ आली असेल, तर त्याच नियमावलीतल्या 'अनुसूची फ'प्रमाणे सेवाज्येष्ठता यादी दरवर्षी फिरवा आणि प्रत्येकाची सही तेव्हाच घ्या. पुढचा माणूस कोण, हे दिवाळीच्या सुट्टीआधी ठरवा. मे महिन्यात कुणी सापडत नाही. नकारपत्र हातानेच लिहून घ्या. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. तोंडी सांगितलेली त्रुटी लेखी मागा. तोंड वाकडं करतील, पण देतात.

अजून एक राहिलंच. पदभार देताना सगळे डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदीतल्या, खुर्च्या मोजत बसतात. त्याआधी जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांची नावं आणि जन्मतारखा असलेली प्रवेशाची नोंदवही, पानापानाने तपासा. मूल शाळा सोडून गेलं की जन्मतारीख शाळेला आपल्या मनाने बदलता येत नाही. त्यामुळे खाडाखोड असलेले, सही नसलेले नोंदक्रमांक पदभार यादीत स्पष्ट लिहा, त्याखाली दोघांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत घरी ठेवा.