पोर्शे ९४४: आधी बेल्ट, मग बाकी सगळं

जर्मनीत बजेट फार नसताना जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटली की पोर्शे ९४४चं नाव लवकर निघतं. १९८२ ते १९९१ या काळातली ही गाडी. पुढे अडीच ते तीन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि गिअरबॉक्स थेट मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढेमागे जवळजवळ सारखं वाटलेलं. त्याच काळातल्या पोर्शे ९११पेक्षा ती बऱ्याच कमी पैशांत मिळते, पण सुटे भाग पोर्शेच्याच भावाने येतात. इथल्या वर्कशॉपमधली मजुरी तर अशी असते की एका मोठ्या कामाचं बिल गाडीच्या किमतीकडे बघायला लावतं. म्हणून ९४४ बाळगणारे बरेच जण पाने स्वतःच हातात घेतात.

गाडी बघायला गेल्यावर रंग आणि सीटकडे बघण्याआधी एकच विचारायचं: टायमिंग बेल्ट कधी बदलला, आणि त्याचं बिल आहे का? बेल्ट तुटला किंवा दाते सरकले, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतात. मग सिलिंडर हेड उतरवण्यावाचून पर्याय नाही. जाणकार मेकॅनिक ४ वर्षं किंवा ५०,००० किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते धरतात. यातल्या किलोमीटरवर फार विसंबू नका. या गाड्यांच्या ओडोमीटरमधलं प्लास्टिकचं बारीक गिअर तुटतं. काटा वेग दाखवत राहतो, पण आकडा जागचा हलत नाही. तारखेचं बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजायचं.

बेल्ट एक नाही, दोन आहेत. एक कॅमशाफ्ट फिरवतो आणि त्याच्याच पाठीवर वॉटर पंपही फिरतो. दुसरा दोन बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणारे दांडे), दोन्ही बाजूंना दाते असलेला, कारण एक शाफ्ट उलट दिशेने फिरवायचा असतो. काम काढलंच तर दोन्ही बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर रोलर, पुढची ऑइल सील हे सगळं एकदमच मागवा. वॉटर पंपाचं वय माहीत नसेल तर तोही. जुन्या सीलमधून तेल झिरपून नव्या बेल्टवर आलं की रबर फुगतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

घराखालच्या रस्त्यावर हे काम करता येत नाही. तेल किंवा कूलंट रस्त्यावर सांडलं तर दंडाचीच गोष्ट. त्यासाठी इथे मीटव्हेर्कश्टाट असते: तासाच्या भाड्याने लिफ्ट, कॉम्प्रेसर, बहुतेक ठिकाणी भाड्याने हत्यारंसुद्धा. बेल्टचं काम पहिल्यांदा करणाऱ्याने अख्खा दिवस धरावा. शनिवारी सगळ्यांनाच लिफ्ट हवी असते, त्यामुळे आधी फोन करून जागा ठेवा. इंजिन थंड लागतं, म्हणून गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळीच तिथे नेऊन लावा.

बॅटरीची ऋण तार काढायची. पंख्यांची जोडी बाहेर काढली की हात घालायला जागा होते. मग अल्टरनेटर वगैरेचे बाहेरचे बेल्ट, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर आणि कव्हर. २४ मिमीच्या सॉकेटने क्रँकशाफ्ट फिरवून पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला येईल अशा स्थितीत आणायचा. फ्लायव्हीलवरची ओटी (टीडीसीचंच जर्मन नाव) खूण बेलहाउसिंगच्या खिडकीतून दिसते, आणि त्याच वेळी कॅम गिअरवरची खूण मागच्या कव्हरवरच्या खाचेसमोर आलेली असली पाहिजे. एक जुळली आणि दुसरी नाही, तर क्रँकची आणखी एक पूर्ण फेरी. बॅलन्स शाफ्टच्या खुणाही बघून घ्या आणि या स्थितीचे फोटो काढा. मग फ्लायव्हील लॉक लावून क्रँकचा बोल्ट सैल करायचा. तो २१० न्यूटन-मीटरला बसवलेला असतो. लॉकऐवजी गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. खुणा हमखास हलतात.

बॅलन्सचा बेल्ट बाहेरच्या बाजूला, म्हणून तो आधी निघतो. बॅलन्स शाफ्टची गिअर काढलीच तर एक ध्यानात ठेवा: प्रत्येक गिअरला किल्लीच्या (गिअर शाफ्टवर पक्का धरणाऱ्या छोट्या तुकड्याच्या) दोन खाचा असतात, एकीवर ओ, दुसरीवर यू. ओ वरच्या शाफ्टसाठी, यू खालच्या. ही अदलाबदल झाली तर इंजिन सुरू होतं, व्यवस्थित चालतं, पण एका ठरावीक आरपीएमला अख्खी गाडी थरथरते आणि माणूस इंजिन माउंटिंग बदलत बसतो.

नवे बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायची आणि सगळ्या खुणा पुन्हा बघायच्या. कुठे अडल्यासारखं वाटलं तर जोर न लावता थांबायचं, कारण तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. खरी गोम आहे ती ताणात. पोर्शेचं पी-९२०१ हे मोजमापाचं हत्यार महाग आहे, पण मालकांच्या क्लबांमध्ये ते फिरतं असतं. त्याच्या पट्टीवर नव्या टायमिंग बेल्टचा आकडा साधारण ४ आणि बॅलन्स बेल्टचा २.७ यावा लागतो. १९८७च्या मॉडेलपासून टायमिंग बेल्टला स्प्रिंगचा टेन्शनर आला. त्याआधीच्या गाड्यांत सगळं हातावर. बोटाने पिळून अंदाज घेणारे अनुभवी लोक आहेत, पण पहिल्यांदा करणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये. ताण थंड इंजिनवरच मोजायचा, कारण ॲल्युमिनियमचं इंजिन तापून फुगलं की बेल्ट आपोआप आवळतो. जास्त आवळला तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि वॉटर पंपाचं बेअरिंग झिजतं. सैल राहिला तर दाते सरकतात. नवा बेल्ट सुरुवातीला ताणतो, त्यामुळे साधारण ३००० किलोमीटरनंतर ताण पुन्हा बघावा लागतो, आणि लोक टाळतात ते नेमकं हेच.

पंप बदलला असेल तर साधारण ८ लिटर कूलंट भरायचं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडीचं नाक थोडं वर घ्यायचं आणि हेडच्या पुढच्या टोकाला असलेला ब्लीड स्क्रू उघडायचा. बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद. हवा आत राहिली तर तापमानाचा काटा कधी वर कधी खाली नाचत राहतो.

९४४चा दुसरा प्रसिद्ध खोडसाळपणा म्हणजे स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. तो जरासुद्धा उडत नसेल तर संशय फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरवर. उडत असेल तर आधी डीएमई रिले (इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) तपासा, ज्याच्या आतली सोल्डरिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकते. या रिलेची किंमत टो ट्रकपुढे काहीच नाही, तेव्हा एक जास्तीचा गाडीतच ठेवलेला बरा. पेट्रोलचे रबरी पाइपही वयाने कडक होतात. ते इंजिनावरून जातात, म्हणून पेट्रोलचा वास आला की ती गाडी त्या दिवशी चालवायचीच नाही.

दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी होते, जिला इथे सगळे सरसकट ट्यूफ म्हणतात. नापास झालात तर एका महिन्यात दुरुस्त करून पुन्हा दाखवायची. ३० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली गाडी एच नंबरप्लेट (ऐतिहासिक गाड्यांची) मिळवू शकते. मग वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो आणि जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांतही प्रवेश. उलट, मागच्या मालकाने बाजारातली चमकदार चाकं किंवा भलता सायलेन्सर बसवला असेल तर तेच आडवं येतं, म्हणून मूळ भाग गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडले असतील तर विक्रेत्याकडून मागून घ्या.

तपासणीत गाडी बहुधा ब्रेकवरून अडते. ९४४च्या टर्बो आणि एस-२ या प्रकारांना चार पिस्टनचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर आहेत, आणि पॅड सरकतात त्या जागी स्टीलच्या पातळ पट्ट्या. पट्टीखाली ॲल्युमिनियम गंजून पांढरी पूड साचते, पट्टी वर उचलली जाते आणि पॅड जागच्या जागी आवळला जातो. डिस्क तापते, गाडी एका बाजूला ओढते. नवे पॅड किंवा नवी डिस्क घालून हे जात नाही. कॅलिपर उतरवून, पट्ट्यांचे स्क्रू काढून खालची पूड पूर्ण खरवडायची आणि नव्या स्क्रूंनी पट्ट्या बसवायच्या. जुने स्क्रू बऱ्याचदा तुटतात, तेव्हा आधी थोडं तापवा. शेवटी चाकाचे नट टॉर्क रेंचने १३० न्यूटन-मीटरला, एअर गनने नाही, कारण नट ॲल्युमिनियमचे आहेत.

इंजिन ऑइल जिथून घेतलं त्या दुकानाने तेवढंच जुनं तेल आणि फिल्टर फुकट परत घ्यायचा असा इथे कायदा आहे, फक्त पावती जपून ठेवा. ब्रेक फ्लुइड आणि कूलंट मात्र त्या तेलात मिसळायचं नाही. ते वेगवेगळ्या कॅनमध्ये भरून पालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचं.