पोटावरची शी आणि दोन वेळचा डायलेटर: आमच्या बाळाच्या तीन ऑपरेशनांचा अनुभव

आमच्या मुलाला जन्मतः शीची जागा नव्हती. बाकी लेकरू धडधाकट, वजन पावणेतीन किलो, आवाज खणखणीत. आमचं गाव घाटंजी तालुक्यात. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं. बाळ पुसून झाल्यावर सिस्टरनं त्याला पालथं करून पाहिलं, मला आत बोलावलं आणि सरळ सांगितलं, "दादा, याची संडासची जागा बंद आहे. दूध पाजू नका, आजच यवतमाळला न्या." त्या बाईचे उपकार मी विसरू शकत नाही. पुढे नागपूरच्या वॉर्डात आमच्या बाजूच्या खाटेवर असंच एक बाळ आलं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. घरी नेलं, पाजलं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि हिरव्या उलट्या सुरू झाल्यावर धावपळ झाली. जन्मल्याबरोबर बाळाचं ढुंगण उघडून नीट पाहायचं, एवढीच ही तपासणी आहे. घरात बाळंतपण असेल तर तुम्हीही सिस्टरला विचारा की पाहिलं का.

डॉक्टर याला एनोरेक्टल मालफॉर्मेशन म्हणतात. साधारण पाच हजार बाळांमागे एकाला असतं, असं आम्हाला सांगितलं. आमच्या भागात कुणाला माहीत नव्हतं, म्हणून मी हे एवढं खुलं लिहून राहिलो.

108 च्या गाडीत बाळ, मी आणि डॉक्टर. हाताला सलाईन, नाकातून पोटात नळी, पोटात साचलेलं बाहेर यावं म्हणून. बायकोला उठवत नव्हतं, ती मायजवळ मागे राहिली. यवतमाळला बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, तपासलं आणि नागपूरला पाठवलं. लहान मुलांचे सर्जन आणि इतक्या लहान बाळाला भूल देणारे डॉक्टर तिथे. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी, दीडेकशे किलोमीटर. शेतात कापूस फुटून लोंबत होता, घरून वेचणीवाल्या बायांचे फोन येत होते, मी एकही उचलला नाही.

नागपूरला लगेच ऑपरेशन होईल असं मला वाटलं होतं. पण जन्मानंतर चोवीसेक तास थांबतात. तोवर हवा आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचते. मग बाळाला पालथं घालून, ढुंगण वर करून एक्स-रे काढतात आणि आतडं चामडीपासून किती वर थांबलं ते पाहतात. दरम्यान आमच्या बाळाच्या लघवीत हिरवट काळं दिसलं. डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या मागे पेनानं चित्र काढून दाखवलं: आतडं खाली उघडायचं सोडून लघवीच्या नळीत उघडलं आहे. म्हणून एका ऑपरेशनात काम भागणार नाही. आधी पोटावर शीची वाट काढायची, म्हणजे कोलोस्टॉमी. बाळ वाढलं की खाली जागा तयार करायची. ती जागा चांगली झाली की पोटावरची वाट बंद करायची. तो कागद मी मागून घेतला. अजून जपून ठेवला आहे, कारण घरी प्रत्येकाला समजावायला तोच कामाला आला.

अशा बाळांना हृदय, किडनी, मणका आणि अन्ननलिका यांतही दोष असू शकतो. म्हणून हृदयाची इको, किडनीची सोनोग्राफी, कमरेच्या हाडाचा एक्स-रे हे सगळं झालं पाहिजे. तुमच्या फाइलमध्ये हे तीन कागद आहेत का, ते पाहून घ्या. आमच्याकडे देवाच्या कृपेनं सगळं ठीक निघालं. कमरेचं हाड नीट असणं फार महत्त्वाचं, कारण पुढे शीवर ताबा येईल की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं.

माय दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आली. आल्या आल्या म्हणाली, "गिऱ्हानात हिनं काही चिरलं असन, म्हणून लेकराले असं झालं." बायको ओल्या अंगाची, टाके दुखत होते, ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी मॅडमना हात जोडून म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी मायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आजी, पोटात गर्भ दोन महिन्यांचाही नसतो, तेव्हाच हे घडतं. सूनबाईनं काही केलं नाही, तुम्ही काही केलं नाही, ग्रहणाचा काही संबंध नाही." माय थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मंग ठीक हाये बाप्पा." त्या दिवसापासून तिनं तो विषय काढला नाही. नवऱ्यांना माझं सांगणं आहे, बायकोवर बोल येऊन राहिला असेल तर डॉक्टरांच्या तोंडून घरच्या मोठ्यांसमोर हे वदवून घ्या.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ऑपरेशनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झाली. रेशनकार्डावर बाळाचं नाव नव्हतं, पण जन्माचा दाखला आणि आमचं कार्ड चाललं. दवाखान्यात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचा टेबल असतो, भरती झाल्याबरोबर तिथे जा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. तेव्हा पिवळं-केशरी कार्ड नसलं तरी यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावर लाभ मिळायचा. खरा खर्च येण्याजाण्याचा, राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा. तो कुठल्या योजनेत बसत नाही.

पहिलं ऑपरेशन झालं. बाळ बाहेर आणलं तेव्हा पोटाच्या डाव्या बाजूला दोन लाल ओलसर तोंडं होती. वरच्यातून शी येते. खालच्यातून पांढरा चिकट स्राव येतो, तो पू नसतो. बायकोला पाहवलं नाही. वॉर्डातल्या सिस्टरनं माझा हात धरून त्यावर ठेवला, "दादा, याला दुखत नाही, हे आतडं आहे, यात दुखायची जाणीव नसते. बाळ रडतं ते भोवतालची चामडी जळते म्हणून. चामडी जपा." हे एक वाक्य पुढचे सगळे महिने आमच्या कामी आलं. शी सुरू झाली की दूधही सुरू झालं. तोवर बायको दूध पिळून काढत होती, म्हणून ते आटलं नाही.

चिकटवायच्या पिशव्या मिळतात, पण महाग, आणि आमच्याकडच्या उकाड्यात घामानं सुटून जात. आम्ही कपड्यावरच राहिलो. मायनं तिची जुनी सुती लुगडी फाडून हातरुमालाएवढे तुकडे केले. गरम पाण्यात धुवायचे, कडक उन्हात वाळवायचे. शी झाली की कोमट पाण्यात कापूस बुडवून बाहेरून तोंडाकडे हलक्या हातानं पुसायचं. साबण नाही, डेटॉल नाही. घासायचं नाही, टिपायचं. थोडा वेळ उघडं ठेवायचं. मग भोवती झिंक ऑक्साइडची क्रीम जाडसर लावायची. पुढच्या वेळी वरची घाण पुसली की पुरे, खालची स्वच्छ क्रीम खरवडून काढायची नाही, नाहीतर चामडी सोलते. वर कपड्याची घडी, आणि घडीवरून पोटाभोवती सैल पट्टा. घट्ट बांधलं की शी आतल्या आत पसरते. गावात माशा फार, म्हणून झोपताना मच्छरदाणी दिवसासुद्धा.

पुसताना एखादा थेंब रक्त दिसतं, त्याचं काही नाही. बाळ जोरात रडलं की आतडं बोटभर बाहेर येतं, शांत झालं की आत जातं. पण ते आत गेलंच नाही, लालचं काळंनिळं झालं, पोट फुगलं किंवा शी बंद होऊन हिरवी उलटी झाली, तर रात्र असो की पाऊस, गाडी काढायची. हे आम्ही भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं होतं, कारण शेतात गेलो की बाळ मायजवळ असायचं.

आशाताई घरी यायच्या, वजन करायच्या. दुसऱ्या ऑपरेशनसाठी वजन वाढणं गरजेचं होतं, म्हणून वजनाच्या दिवशी घरात सगळ्यांचं लक्ष काट्यावर. बाळाला पाहायला येणारे मात्र आधी पट्टा उघडून दाखवा म्हणायचे. काही दिवस बायकोनं दाखवलं. मग एकदा शांतपणे म्हणाली, "लेकरू पाहाले आले ना, तं त्याचं तोंड पाहा." मला तिचा फार अभिमान वाटला.

दुसरं ऑपरेशन पाचव्या महिन्यात झालं. त्याआधी पोटावरच्या खालच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढले, म्हणजे आतडं लघवीच्या नळीला नेमकं कुठे जोडलं आहे ते कळतं. या ऑपरेशनला पीएसएआरपी म्हणतात. स्नायूंच्या बरोबर मधून आतडं खाली आणतात. ही पद्धत 1982 मध्ये पहिल्यांदा छापून आली, असं ऑपरेशन करणाऱ्या सर्जन सरांनी सांगितलं, त्याआधी अशा मुलांचे फार हाल होत. ऑपरेशननंतर लघवी बाहेर यावी म्हणून घातलेली नळी (कॅथेटर) काही दिवस असते. तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. ती निघाली तर आतली नाजूक शिवण धोक्यात येते. आम्ही दोघं आळीपाळीनं त्याचे हात धरून बसायचो. बाळाला ढुंगणावर बसवायचं नाही, कडेवर मांड्या फाकवून घ्यायचं नाही.

दोनेक आठवड्यांनी डायलेटर सुरू झाला. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. नवी जागा जखम भरताना आवळत जाते. ती आवळली तर केलेलं ऑपरेशन वाया जातं. म्हणून गुळगुळीत स्टीलच्या कांड्या देतात. त्यांच्यावरचा नंबर म्हणजे मिलिमीटरमधली जाडी. पहिल्यांदा सर स्वतः घालून दाखवतात, मग आईबापाकडून करून घेतात. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, आणि साधारण दर आठवड्याला एक नंबर वर. आमच्या बाळाच्या वयाला 13 नंबरपर्यंत जायचं होतं.

बायको म्हणाली, माझ्यानं होणार नाही. मी म्हटलं, तू फक्त रडणं थांबल्यावर घे, बाकी मी करतो. कांडी उकळून थंड करायची. जेली लावायची. बाळाला पाठीवर झोपवून गुडघे छातीकडे, ते माय धरायची. कांडीचं वाकडं टोक पाठीच्या कण्याच्या दिशेनं, जोर न लावता, जेवढं सर दाखवतात तेवढंच आत. अर्धा मिनिट थांबायचं, काढायचं. पहिले दिवस तो किंचाळायचा आणि माझे हात कापायचे. पण नवा नंबर दोन-तीन दिवस जड जातो, मग सैल होतो, हे हाताला कळायला लागतं. सैल झालं की बाळही फारसं रडत नाही. आपण लेकराला त्रास देऊन राहिलो असं वाटून एक दिवसही सोडू नका. वॉर्डात एका बापानं लग्नसराईत आठवडाभर केलं नाही, आणि त्याच्या बाळाला पुन्हा भूल देऊन जागा मोठी करावी लागली. मी लग्नाला गेलो तरी डबा, जेली आणि कांडी पिशवीत असायची.

ते मे महिन्याचे दिवस. पारा पंचेचाळीसला. पोटावरून पातळ शी व्हायला लागली की बाळ चटकन सुकतं. ओआरएसची पाकिटं घरात कायम ठेवली. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली की आम्ही वाट पाहिली नाही, थेट दवाखान्यात गेलो. दुपारी खिडकीला ओलं पोतं आणि बाळाच्या अंगावर फक्त तो पट्टा.

पेरण्या आटोपल्या, आणि पोळ्याच्या आधी तिसरं ऑपरेशन झालं, पोटावरची वाट बंद केली. काही दिवसांनी त्यानं खालून पहिली शी केली. बायकोनं वॉर्डभर पेढे वाटले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं, जिच्या बाळाचं पहिलंच ऑपरेशन झालं होतं, पेढा हातात धरून विचारलं, "आमचंबी असं होईन ना?" बायको तिच्याजवळ बसून राहिली, संध्याकाळपर्यंत.

पेढ्यांनंतर काय येतं हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्या चामडीला शीची सवयच नसते. दिवसातून दहा-बारा वेळा थोडी थोडी शी, आणि ढुंगण दोन दिवसांत लालबुंद, सोललेलं. म्हणून पहिली शी व्हायच्या आधीपासूनच झिंकची क्रीम थापायला घ्या. प्रत्येक वेळी पाण्यानं धुवायचं, टिपायचं, मोकळं ठेवायचं, डायपर शक्यतो नाही. महिन्या-दीड महिन्यात शीच्या वेळा कमी होतात आणि चामडी राठ होते. डायलेटर मात्र बंद होत नाही. आधी दिवसातून एकदा, मग दिवसाआड, असं सर सांगतील तसं कमी करायचं.

आता तो तीन वर्षांचा आहे, बैलांच्या मागे धावतो. सगळ्यात जपतो ते बद्धकोष्ठाला. शी साचली की अशा मुलांचं आतडं फुगतं आणि मग शी नकळत गळत राहते. बिस्किटं घरात आणत नाही. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, पपई, पातळ वरण, भरपूर पाणी, आणि गरज पडली की सरांनी लिहून दिलेलं लॅक्टुलोज, म्हणजे शी मऊ करायचं औषध. जेवल्यावर थोड्या वेळानं भांड्यावर बसवतो, रोज त्याच वेळी. अधूनमधून चड्डी डागते. सर म्हणाले, अजून वेळ द्या, रागावू नका. अंगणवाडीताईंना सगळं सांगून ठेवलं आहे. किडनीची सोनोग्राफी ठरल्या वेळी करतो.

यवतमाळ-वर्धा भागात कुणाच्या घरी असं बाळ असेल आणि कपडा कसा बांधायचा, क्रीम किती लावायची, कांडी हातात कशी धरायची याची भीती वाटत असेल, तर मी घरी येऊन दाखवायला तयार आहे. नंबर किती आणि कधी बदलायचा ते तुमच्या सर्जनलाच विचारा. सोबत बायकोलाही आणीन. बाळाच्या आईशी ती बोलेल.